डोळ्याची सोनोग्राफी? ओसीटीत आईच्या पडद्याचा फोटो का आला नाही?

उपवन_किनारी
सोमवार, रात्री 10:50

मंडळी, विषय आईच्या डोळ्याचा आहे. सल्ला डॉक्टरांकडून घेतलाच आहे, इथे फक्त समजून घ्यायचंय.

गेल्या बुधवारी सकाळी पूजा करता करता आई म्हणाली, "अरे, समईपाशी कोळिष्टक लोंबतंय, काढ जरा." मी स्टूल घेऊन गेलो. कोळिष्टक नव्हतंच. ती मान वळवेल तिकडे तेही वळत होतं. दुपारपर्यंत उजव्या डोळ्यापुढे धूर झाला आणि संध्याकाळी तिला त्या डोळ्याने माझी बोटंही मोजता येईनात. आई 71 वर्षांची, मधुमेहाला 19 वर्षं झाली, दोन्ही मोतीबिंदू काढलेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातच एका पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बसणं, मग ओसीटी, म्हणजे प्रकाश सोडून पडद्याच्या थरांचा फोटो काढणारं मशीन. डावा डोळा एका मिनिटात झाला. उजव्याला त्या मुलीने चार वेळा प्रयत्न केला. "आजी, हिरव्या खुणेकडे बघा." आई म्हणे, "कुठली खूण गं?" शेवटी कागदावर आल्या त्या नुसत्या राखाडी मुंग्या, वर लिहिलेलं, सिग्नल 10 पैकी 2.

मग डॉक्टर म्हणाले, "बी-स्कॅन करू." ती चक्क सोनोग्राफी निघाली. पापणी मिटवून वर जेल, त्यावर जाडसर पेनासारखी दांडी. आईने तिथेच विचारलं, "बाई गं, डोळ्यात बाळ शोधताय का?" पाच मिनिटांत निदान झालं. आत रक्तस्राव झालाय, पण पडदा जागेवर आहे, सुटलेला नाही. तीन-चार आठवडे थांबायचं, उशाला दोन उशा घ्यायच्या, साखर आणि बीपी सांभाळायचं.

मला हे पचलेलं नाही. एवढं महागाचं प्रकाशाचं मशीन हात टेकतं आणि पोटाच्या सोनोग्राफीचं धाकटं भावंड काम करून जातं, हे कसं? आणि ऑफिसातला एक मित्र म्हणाला की आता डोळ्यात प्रकाश सोडून पडद्याचा *आवाज* ऐकणारं तंत्र निघालंय. ते मुंबईत कुठे आहे का? असेल तर आईला घेऊन जाईन.

---

टवाळ_टीएमटी
सोमवार, रात्री 11:04

आधी आजींना बरं वाटो. बाकी उत्तर सोपं आहे. तुमच्या उपवनाशेजारी येऊरच्या झाडांना उलटी लटकलेली मंडळी आहेत ना, त्यांना विचारा. अंधारात आवाजानेच बघतात.

---

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री 11:31

टवाळराव, दिवसा झाडांना लटकलेली मोठी वटवाघळं फळं खाणारी. ती रात्री मुख्यतः डोळ्यांनी आणि नाकाने काम भागवतात. आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारी ती छोटी, किडे खाणारी. उदाहरण चांगलं आहे, प्राणी चुकला.

धागाकर्त्यांच्या प्रश्नावर उद्या सविस्तर लिहितो. आता सौ. दिवा बंद करायला सांगताहेत.

---

ऐरोली_नाका
मंगळवार, सकाळी 8:12

सविस्तर कशाला? दोन मशीन, दोन बिलं. रक्त आहे हे डॉक्टरांना आधीच दिसलं असणार, मग ओसीटी केलंच कशाला? पहिल्यांदाच सोनोग्राफी केली असती तर एक बिल वाचलं असतं. आमच्याकडेही हेच झालं होतं, नाव घेत नाही.

---

भिंगरी_नेरूळ
मंगळवार, दुपारी 2:40

मी ऑप्टोमेट्रिस्ट, रोज हीच यंत्रं चालवते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

दादा, डोळ्याच्या आत, भिंग आणि पडदा यांच्यामध्ये जेलीसारखा पारदर्शक गोळा असतो, व्हिट्रियस म्हणतात त्याला. मधुमेह बरीच वर्षं असला की पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवू शकतात. त्यातली एखादी फुटली की रक्त त्या जेलीत पसरतं. आईंना कोळिष्टक दिसलं ती रक्ताची पहिली धार.

ओसीटी म्हणजे प्रकाश आत जाऊन पडद्यावरून परत आला पाहिजे. आमच्या मशीनचा प्रकाश 840 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, डोळ्याला जेमतेम लालसर रेघ दिसते. वाटेत रक्त असलं तर तो जातानाही अडतो, येतानाही अडतो. आमच्या मशीनवर सिग्नल 6 च्या खाली गेला की त्यातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. 2 म्हणजे काहीच नाही.

आवाजाला रक्ताचा रंग कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की इथे एक पदार्थ संपला आणि दुसरा सुरू झाला. रक्ताचे बारीक कण त्याला ठिपक्यांसारखे दिसतात, पण त्यातून तो पुढे पडद्यापर्यंत पोचतो. मोतीबिंदू पिकून पांढरा झाला असेल, आतलं काहीच दिसत नसेल, तेव्हाही ऑपरेशनच्या आधी हेच करतो.

बी-स्कॅन करताना आईंना "वर बघा, खाली बघा, डावीकडे" असं सांगितलं असेल. तीच खरी गंमत आहे. डोळा थांबला तरी आतलं रक्त आणि सुटलेली जेली खिडकीच्या लोंबत्या पडद्यासारखी हलत राहते. रेटिना सुटला असेल तर तो जाड, चकचकीत रेघ दाखवतो, ताठपणे हलतो आणि मागे डोळ्याच्या नसेपाशी बांधलेला राहतो. मशीनची प्रतिध्वनी पकडायची ताकद कमी करत नेली की जेलीची रेघ आधी पुसट होते, रेटिनाची टिकून राहते. छापील फोटोपेक्षा त्या पाच मिनिटांतली हालचाल जास्त सांगते. म्हणून बी-स्कॅनच्या कागदाकडे बघून दुसऱ्या कुणाला नीट मत देता येत नाही.

ऐरोलीकर, तुमचं निम्मं बरोबर. ओसीटी डाव्या डोळ्यासाठी हवंच होतं. उजव्यासाठी एकदा प्रयत्न करणंही ठीक, कारण कधी कधी रक्ताच्या मधून फट सापडते. पण न निघालेल्या स्कॅनचे पैसे लावणं मला स्वतःला पटत नाही. काउंटरवर विचारायला लाजू नका.

---

उपवन_किनारी
मंगळवार, दुपारी 4:15

ताई, खूप आभार. बिल पाहिलं, दोन्ही डोळ्यांचं मिळून एकच आहे. डाव्या डोळ्यात मध्यभागी थोडी सूज निघाली, त्यासाठी वेगळं बोलावलंय. म्हणजे तो भाग वाया गेला नाही.

खरं सांगू? आईचा डोळ्याचा तपास चार वर्षांत झालाच नव्हता. दिसतंय चांगलं, असं ती म्हणायची आणि मी मान डोलवायचो.

---

निवृत्त_मास्तर
मंगळवार, रात्री 9:20

काल दिलेला शब्द पाळतो. 34 वर्षं नौपाड्यात भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं पाल्हाळ लागणार.

आधी हे बघा की आपली बाहुली काळी का दिसते. आत अंधार असतो म्हणून नव्हे. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने बाहेर येतो, आणि त्या वाटेवर बघायला गेलं की आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झने काचेच्या पट्टीवरून तिरका प्रकाश आत सोडला आणि त्याच काचेतून आरपार पाहिलं. जिवंत माणसाचा पडदा दिसला. हे 1851 साली त्याने जाहीर केलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली 1853 साली. म्हणजे आपल्या गावात रेल्वे यायच्या दोन वर्षं आधी माणूस डोळ्याच्या आत डोकावला होता.

पण डोकावून समोरचं दिसतं, खोली कळत नाही. भिंत दिसते, भिंतीत किती विटांचे थर ते नाही. खोलीसाठी प्रतिध्वनी हवा. हाक मारा, परत यायला किती वेळ लागला ते मोजा, अंतर काढा.

आवाजाच्या बाबतीत हे सोपं. डोळ्यातल्या जेलीत आवाज सेकंदाला 1532 मीटर वेगाने जातो, भिंगात थोडा जास्त, 1641. डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर. जाऊन-येऊन सुमारे 31 मायक्रोसेकंद. विजेच्या उपकरणांना हा वेळ म्हणजे निवांत दुपार. म्हणून 1956 मध्ये डोळ्याची पहिली ए-स्कॅन सोनोग्राफी आणि 1958 मध्ये बी-स्कॅन झाली. ए म्हणजे एका रेषेवरच्या प्रतिध्वनींची उंची, बी म्हणजे त्याच उंचीचं उजेडात रूपांतर करून काढलेलं चित्र.

आवाजाची अडचण वेगळी आहे. डोळ्याच्या बी-स्कॅनला साधारण 10 मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात. 1532 ला एक कोटीने भागा. लहर येते 0.15 मिलिमीटरची. आणि पडदा स्वतःच जेमतेम पाव मिलिमीटर जाड. जाड बोटांनी तांदळातले खडे निवडण्यासारखं आहे. पडदा आहे की नाही, सुटलाय की नाही, हे कळेल. त्याच्या दहा थरांपैकी कुठल्या थरात पाणी साचलंय, हे कळणार नाही.

आता प्रकाश. त्याला तीच फेरी मारायला 0.2 नॅनोसेकंद लागतो. आणि 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर ओळखायचा तर सुमारे 45 फेम्टोसेकंदांचा फरक मोजावा लागेल. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे करा, त्यातले 45. कुठलंही इलेक्ट्रॉनिक घड्याळ हे थेट मोजू शकत नाही.

मग युक्ती केली. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक डोळ्यात, दुसरा आरशावर. परत आल्यावर दोघांना भेटवायचं. दोघांचा प्रवास अगदी सारखा झाला असेल तरच त्यांच्या लहरी जुळून पट्टे दिसतात. आरशाचं अंतर माहीत आहे, म्हणजे डोळ्यातलं अंतर कळलं. घड्याळ लागलंच नाही.

पण इथे मेख आहे. शुद्ध एकरंगी लेझर चालत नाही. दोन ढोलपथकं समोरासमोर उभी आहेत आणि दोघंही एकसारखा ठेका वाजवताहेत असं समजा. एक पथक बरोबर एक ठोका मागे पडलं तरी कानाला जुळल्यासारखंच वाटेल. त्याऐवजी दोघांना ताशाचा एकच वेडावाकडा तुकडा वाजवायला द्या. जरा मागे पडलं की गोंधळ ऐकू येतो, तंतोतंत जुळलं तरच बसतं. ओसीटीत म्हणून अनेक तरंगलांब्यांची खिचडी असलेला प्रकाश वापरतात. खिचडी जितकी मोठी, तितका थर बारीक ओळखता येतो.

1991 मध्ये एमआयटीतल्या फुजिमोटोंच्या गटाने हे छापलं, डेव्हिड ह्वांग पहिले लेखक. तेव्हा काढून ठेवलेल्या डोळ्याचा पडदा होता. जिवंत माणसाच्या पडद्याचे छेद 1993 मध्ये आले, मशीन बाजारात 1996 ला. ह्वांग, फुजिमोटो आणि एरिक स्वान्सन यांना वैद्यकीय संशोधनाचं 2023 चं लास्कर पारितोषिक मिळालं.

आणि एक गोड गोष्ट. ओसीटीवाल्यांनी एका रेषेला 'ए-स्कॅन' आणि छेदाला 'बी-स्कॅन' हीच नावं सोनोग्राफीकडून उसनी घेतली. त्यामुळे उपवनकर, तुमच्या आईच्या दोन्ही तपासण्या सख्ख्या बहिणी आहेत. एक बारीक बघते पण धुक्यात आंधळी. दुसरी जाड बघते पण धुक्याला जुमानत नाही.

---

टवाळ_टीएमटी
मंगळवार, रात्री 9:41

मास्तर, दहावीला तुम्ही मिळाला असतात तर आज मी कंडक्टरच्या नावाने आयडी घेतला नसता.

---

कोपरखैरणे_काकू
बुधवार, सकाळी 11:05

आमच्या ह्यांच्या डोळ्याची तिसरीच तपासणी झाली होती, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. हातातल्या शिरेत पिवळं औषध टोचतात आणि धडाधड फोटो काढतात. ह्यांना मळमळलं. मग दिवसभर चेहरा हळद लागल्यासारखा आणि लघवी केशरी. मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, मी कावीळ समजून घाबरले. हे आता जुनं झालं का? ओसीटीनेच भागतं असं भाची म्हणते.

---

भिंगरी_नेरूळ
बुधवार, दुपारी 2:25

काकू, ती फ्लुओरेसिन अँजिओग्राफी. औषधावर निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. 1961 मध्ये अमेरिकेत दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, नोव्होट्नी आणि आल्विस यांनी, ती माणसाच्या डोळ्यात करून दाखवली. पिवळेपणा एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो. आधी सांगायला हवं होतं हे शंभर टक्के खरं. आम्ही पेशंटला सांगतो, आणि सोबत आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सांगतो, कारण पेशंट घाबरून विसरतो.

भाचीचं म्हणणं अर्धं बरोबर. आता ओसीटी-अँजिओग्राफी आहे, सुईशिवाय. एकाच जागेचे लागोपाठ छेद घेतात, मांस स्थिर असतं, रक्तपेशी पळत असतात. दोन छेदांत जे बदललं ते रक्त. अगदी बारीक केशवाहिन्या दिसतात. पण रक्तवाहिनी *गळतेय* का हे त्यात कळत नाही. गळती बघायची असली की पुन्हा काकूंचं पिवळं औषध. पूर्वीच्या ओसीटीत सेकंदाला 400 रेषा निघायच्या, तेवढ्यात हे शक्यच नव्हतं. आता हजारोंनी निघतात म्हणून जमलं.

---

ऐरोली_नाका
बुधवार, रात्री 8:50

बाबांचा ओसीटी रिपोर्ट काढून बसलोय. मधोमध लालभडक गोळा आहे. म्हणजे रक्त?

---

भिंगरी_नेरूळ
बुधवार, रात्री 9:10

नाही नाही. ते रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात. जाडीच्या नकाशात निळा म्हणजे पातळ, पिवळा-लाल-पांढरा म्हणजे जाड. हवामानखात्याच्या पावसाच्या नकाशासारखं समजा. मध्यभागी नैसर्गिक खळगा असतो, तिथे लाल असेल तर बहुधा सूज. पण काचबिंदूच्या पानावर लाल म्हणजे उलट, तिथे नसांचा थर पातळ झालेला. एकाच मशीनचा लाल, दोन पानांवर दोन अर्थ. म्हणून रंग बघून घरी निदान करू नका. डॉक्टरांना दाखवलंय ना?

---

ऐरोली_नाका
बुधवार, रात्री 9:14

दाखवलं होतं मार्चमध्ये. पुढच्या तारखेला गेलोच नाही. बघतो.

---

घणसोलीचा_घण
गुरुवार, रात्री 12:35

धागा उशिरा पाहिला. अल्ट्रासाउंडचे सेन्सर बनवण्याच्या धंद्यात आहे, डोळ्याचे नव्हे, पाइपांची जाडी तपासायचे. पण धागाकर्त्याच्या मित्राने सांगितलेलं तंत्र माझ्या आवडीचं आहे. फोटोअकूस्टिक म्हणतात त्याला.

वीज चमकते, तिच्या वाटेतली हवा एका क्षणात तापते, फुगते आणि गडगडाट होतो. तेच डोळ्यात, फार फार छोट्या मापात. काही नॅनोसेकंदांचा लेझरचा ठिपका पडद्यावर टाकायचा. रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा पडद्यामागचं काळं मेलॅनिन तो गिळतं. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वगैरे वाढतं, तेवढ्यानेही जागा फुगते आणि तिथून अल्ट्रासाउंडची लहर निघते. ती बाहेर सेन्सरने पकडायची.

मूळ शोध टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचा, 1880 चा. सूर्याचा प्रकाश फिरत्या भोकाच्या चकतीतून तोडून तोडून पदार्थावर टाकला तर पदार्थ गुणगुणतो, हे त्याला आणि त्याच्या सहकारी टेंटरला दिसलं. लेझर आणि चांगले सेन्सर येईपर्यंत ती चीज कपाटातच राहिली. डोळ्याच्या पडद्यावर 2010 च्या सुमारास उंदीर आणि सशांवर प्रयोग छापून आले.

फायदा काय? मास्तरांच्या भाषेत, जो प्रकाश परत येतो तो ओसीटी वाचतं. जो प्रकाश गिळला जातो त्याचा ढेकर फोटोअकूस्टिक ऐकतं. आणि दोन-तीन रंगांचे ठिपके टाकले की कळतं रक्तात प्राणवायू किती, कारण भरलेलं आणि रिकामं हिमोग्लोबिन वेगवेगळे रंग वेगवेगळ्या प्रमाणात गिळतं. मधुमेहात पडदा आधी प्राणवायूवाचून गुदमरतो, नवीन वाहिन्या नंतर उगवतात. तो गुदमरणारा काळ आधीच ऐकू आला तर किती बरं, म्हणून लोक मागे लागलेत.

आता वाईट बातमी. उपवनकर, दवाखान्यात हे मिळणार नाही, अजून प्रयोगशाळेतच आहे. अडचणी खऱ्या आहेत. आवाज हवेत टिकत नाही, म्हणून सेन्सर डोळ्याला किंवा पापणीला जेल लावून टेकवावा लागतो. डोळा सतत थरथरतो. आणि पडद्यावर किती लेझर टाकायचा याची मर्यादा कडक आहे, कारण जे बघायचं तेच भाजून चालणार नाही. पाइपला मी वाट्टेल तेवढं ठोकू शकतो, तिथे कुणी "आई गं" म्हणत नाही.

आणि मिळालं असतं तरी तुमच्या आईला उपयोग झाला नसता. आवाज बाहेर येईल रक्तातून, पण प्रकाश आधी आत जायला हवा ना! जेलीत तरंगणारं रक्तच तो सगळा गिळणार आणि तेच गडगडणार. पडदा मागे गप्प बसेल. वाटेत रक्त असताना ज्या तंत्राला प्रकाश लागतच नाही तेच चालणार. म्हणजे डॉक्टरांनी केली तीच, साधी सोनोग्राफी.

---

उपवन_किनारी
गुरुवार, सकाळी 7:30

हे वाचून शांत वाटलं. दोन रात्री मी मोबाइलवर 'याहून चांगलं काही' शोधत होतो. आईला ढेकराचा भाग वाचून दाखवला, खूप हसली.

---

निवृत्त_मास्तर
गुरुवार, सकाळी 9:00

घणसोलीकर, उत्तम. एकच भर घालतो. आवाजालाही धुकं असतं, ते म्हणजे हवा. म्हणून जेल.

---

कोपरखैरणे_काकू
गुरुवार, दुपारी 12:10

अगदी! ह्यांच्या ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा फुगा ठेवला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता सोनोग्राफीत काही दिसणार नाही, फुगा विरेपर्यंत थांबा. आणि विमान नाही, घाट नाही, वर गेलं की गॅस फुगतो म्हणे. आमचं महाबळेश्वरचं बुकिंग रद्द झालं. हे मान खाली घालून दहा दिवस बसलेले आणि मी टीव्ही आडवा ठेवून लावून देत होते.

---

वाचनमात्र_खारघर
गुरुवार, दुपारी 3:02

पहिल्यांदाच लिहितेय. वय 34, चष्म्याचा नंबर उणे 8. काल रात्रीपासून डाव्या डोळ्याच्या कडेला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं चमकतंय आणि काळे ठिपके वाढलेत. दुखत नाहीये. मला मधुमेह नाही. शनिवारी सुट्टी आहे तेव्हा दाखवू का?

---

भिंगरी_नेरूळ
गुरुवार, दुपारी 3:09

शनिवारी नाही, आज. आत्ता निघा. मोठा मायनस नंबर, नवे फ्लॅश, नवे ठिपके, म्हणजे बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत तपासायलाच हवं. पडदा दुखत नाही, म्हणून फसवतो. एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर वाटेतूनच फोन करा डॉक्टरांना. गाडी स्वतः चालवू नका, थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं. कुणाला तरी सोबत घ्या.

---

टवाळ_टीएमटी
गुरुवार, दुपारी 3:11

ताई म्हणताहेत ते ऐका, विनोद नाही. रिक्षा पकडा.

---

वाचनमात्र_खारघर
गुरुवार, रात्री 10:20

जाऊन आले, वाशीला. डोक्यावर दिवा लावून, भिंग धरून, डोळा दाबून कडेपर्यंत पाहिलं. पडद्याला भोक नाही. जेली पडद्यापासून सुटतेय म्हणाले, ती ओढते म्हणून चमकतं. महिन्याने पुन्हा बोलावलंय, मध्ये काही वाढलं तर लगेच. ना ओसीटी ना सोनोग्राफी, नुसता दिवा आणि भिंग. परत येताना ट्रेनमध्ये सगळ्या दिव्यांना तारे फुटलेले.

---

निवृत्त_मास्तर
गुरुवार, रात्री 10:45

दिवा आणि भिंग! हेल्महोल्ट्झला आनंद झाला असता.

---

उपवन_किनारी
रविवार, रात्री 9:15 (धागा वर आणतोय, पाच आठवड्यांनी)

थोडक्यात पुढची हकिगत. दुसऱ्या आठवड्यात सोनोग्राफी पुन्हा केली, पडदा जागेवरच. तिसऱ्या आठवड्यापासून धूर खाली बसायला लागला. आई म्हणायची, "वरचं अर्धं आभाळ उघडलं." (भिंगरीताईंनी खासगीत समजावलं, पडद्यावर चित्र उलटं पडतं, रक्त खाली साचलं तरी अंधार वर दिसायला हवा. आईच्या बाबतीत मात्र ती उशीला टेकली की रक्त पसरायचं आणि बसली की निवळायचं. तिने आपलं वर्णन बदललं नाही, मीही वाद घातला नाही.)

काल ओसीटी निघालं. सिग्नल 7. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मधला खळगा गायब, तिथे उंचवटा, आणि आत काळी काळी भोकं. जाडी 412 मायक्रॉन, म्हणाले अडीचशेच्या आसपास हवी होती. आई चष्मा सारखा करत म्हणाली, "हे तर घावनाला जाळी पडलीय." डॉक्टर कोकणातले नसावेत, त्यांना मला घावन समजावून सांगावं लागलं. मग ते म्हणाले, बरोबर, ती जाळी भरायची नाही, आटवायची आहे.

पुढच्या मंगळवारी डोळ्यात पहिलं इंजेक्शन, महिन्याला एक असं धरून चालायचं, आणि नव्या वाहिन्यांसाठी लेझर वेगळं. दर वेळी ओसीटी करून जाडीचा आकडा बघणार. मी वहीत रकाने आखलेत, तारीख, सिग्नल, जाडी, उपाशीपोटीची साखर.

---

ऐरोली_नाका
रविवार, रात्री 9:40

सिग्नलचा रकाना चांगला आहे, उचलतो. बाबांचं मंगळवारीच आहे. त्यांचं दुसरं इंजेक्शन.

---

घणसोलीचा_घण
रविवार, रात्री 10:02

बी-स्कॅनची क्लिप मिळाली का? कागद नको, क्लिप. डोळा हलताना रक्त कसं झुलतं ते बघायचंय. धंद्याची खोड.

---

उपवन_किनारी
रविवार, रात्री 10:10

पेन ड्राइव्ह घेऊन या म्हणालेत. पण कागद मात्र आईने देवघराच्या कप्प्यात ठेवलाय, माझ्या जन्माआधीच्या सोनोग्राफीशेजारी. दोन्हींत काय आहे ते घरात कुणालाच ओळखता येत नाही.

---

कोपरखैरणे_काकू
रविवार, रात्री 10:18

इंजेक्शनला नेताना काळा चष्मा आणि घरचा डबा घेऊन जा, फार वेळ बसवतात. आणि येताना बसने आणू नका हो, धक्के लागतात.

---

उपवन_किनारी
रविवार, रात्री 10:21

आई आधीच म्हणाली आहे, रिक्षा. टीएमटीची बस नाही.

---

टवाळ_टीएमटी
रविवार, रात्री 10:22

निषेध नोंदवून घ्यावा.